कॅल्क्युलेटर

आमच्या न्हाणीला दार नाही.
तट्ट्यावर लुगडं टाकलं
की समजायचं, आत कुणी आहे.

फोनला कुलूप. कुलपाच्या आत कॅल्क्युलेटर,
त्यात चार आकडे दाबले की मी.
मोठी आई विचारते,
एवढा कायचा हिसाब करतं वं पोरी?
तूर त अजून शेंगंतच हाय.

खाती दोन.
एकात झेंडू, दादाचा फेटा, सुप्रभात;
एकशे चाळीस जण, पोलीस पाटलाच्या मेहुण्यासकट.
दुसऱ्याचं नाव टिटवी.
तिथं नऊ जणी फक्त.
तिथं माझा गेलेला पेपर, टाचेची भेग,
नाल्यात भिजलेली मी, ओढणी बाभळीवर,
आणि आईवरचा राग, जो आईला कधी दिसणार नाही.

परवा आचलचा फोटो
पाटणबोरीच्या बसथांब्यावर
ह्या फोनातून त्या फोनात गेला.
नऊतूनच कुणीतरी.
कुणी बोललं नाही.
मी पासवर्ड बदलला. कुणापासून, ते कळलं नाही.

संध्याकाळी न्हाणीत गेले,
लुगडं टाकलं, तांब्या बुडवला.
बाहेर आबांची पावलं आली,
थांबली.
आबा खाकरले,
आणि रिकामी बादली घेऊन परत फिरले.