श्री.

कुडतरीचा मळा. भात कापून झालेलं,
धसकटांवर चुन्याच्या रेषा.
रेफ्री आला, त्यानं हात मिळवला
आमच्या टेंपोच्या ड्रायव्हरशी.
कायतान मिरची-भजी खात होता,
तेलकट बोटं तशीच पुढे केली त्यानं.

एर्मेलिंदा मिस चेंडूत हवा भरत होत्या.
मग फॉर्म आला. प्रशिक्षक, दोन टिंबं, श्री.
दरवर्षीसारखी त्यांनी 'श्री'वर काट मारली.
पेन सुकलेलं.
कागदच फाटला थोडा.

मध्यंतराला दोन-शून्य मागे.
बांधावरून कुणी ओरडलं, "बाये, रांदपाक वच गो!"
हशा.
मिस आमच्या बुटांचा चिखल बघत होत्या.
"डावीकडे पाट झिरपतोय, चेंडू बसतो तिथे.
उजवीकडून चढा.
आणि शावियेर, रडायचं तर आत्ता रड,
तोंडावर पाणी मारताना कळत नाही कुणाला."

शावियेर रडला.
मीही, कुणी सांगितलं नसताना.

तीन-दोननं हरलो.
टेंपोत बूट वाजत होते नुसते.
चांदरच्या वळणावर गिअर बदलत
कायतान म्हणाला,
"मिस, तुमचा एक हात माझ्याकडे राहिलाय."

त्या खिडकीबाहेरच बघत होत्या.
"आधी तेल पूस," म्हणाल्या.