बावन्न नंबर

जाऊबाई सव्वाआठला घराबाहेर पडायच्या,
त्याच्या आधी मी पडायचं.
जादा किल्ली नव्हती म्हणे.
एक त्यांच्या पर्समध्ये, एक भाऊजींच्या खिशात,
तिसरी खिडकीत, मनी प्लँटच्या कुंडीखाली;
बाहेर उभं राहिलं की काचेतून दिसायची.

"रिकामं घर, चीजवस्तू आहे,
उद्या उगाच तुझ्यावर बोल नको."
हे डॉनकास्टरच्या गोदामात, रात्रपाळीला,
तिथंच चौघांत एक खोली.
शनिवारी यायचे, वीस पौंड हातावर ठेवायचे.
मी काही सांगायचे नाही.

शेफील्डमधला माझा पहिला जानेवारी.
लायब्ररी बुधवारी बंद.
दुकानात तिसऱ्या चकरेला गार्ड मागून चालू लागतो.
बाकावर डबा उघडला, तर बोटं अशी गारठलेली
की पोळीचा तुकडा मोडेना.

चार पौंडांत दिवसभराचं तिकीट मिळतं
हे कळलं त्या दिवशी
मी वीसाला चाराने भागलं.
पाच. सोमवार ते शुक्रवार.

बावन्न नंबर. वरचा मजला, अगदी पुढची सीट,
पायाशी गरम हवेची जाळी.
मी ऊब विकत घेतली होती,
रस्ता फुकट आला.

क्रूक्स ते वुडहाउस, वुडहाउस ते क्रूक्स.
कुठल्या चढावर इंजिन कण्हतं,
कुठल्या गल्लीतून मंगळवारी कचऱ्याची गाडी आडवी येते,
कोणती म्हातारी थांबा सोडून पुढेच हात करते.
एकेक थांबा ओठांतल्या ओठांत,
परवचा म्हणावी तसा.
इंग्रजी मी तिथंच शिकले,
मागच्या सीटवरच्या भांडणांतून.

फेब्रुवारीत बर्फ पडला, रस्ता अडला,
ड्रायव्हर नवा पोरगा, घाम फुटलेला.
मी जिना उतरून खाली गेले.
"लेफ्ट," म्हटलं. "मग परत लेफ्ट. शाळेपाशी हळू."
या देशात मोठ्याने बोललेले
माझे पहिले शब्द.
थांब्यावर आल्यावर तो म्हणाला,
तूच का नाही चालवत?
तो हसला. मी नाही हसले.

याला आता अकरा वर्षं झाली.
पहिल्या दिवशी डेपोत मी किल्ली मागितली,
सगळे फिदीफिदी हसले.
बसला किल्ली नसते, बटण असतं.

ओळखीतले म्हणतात, बघ,
टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.
मी म्हणते, मी दगड नव्हते हो.
आणि त्यांच्या हातात छिन्नीही नव्हती,
किल्ली होती.
ती त्यांनी दिली नाही, एवढंच.
बाकीचं मी, आणि तो चार पौंडांचा कागद.

मागच्या आठवड्यात वुडहाउसला
गाडी लावून बसले होते. नऊ एकवीस.
बाहेर गारांचा पाऊस, आडवा.
थांब्यावर जाऊबाई. भाऊजी गेल्यापासून
त्यांचं घर मुलगा बघतो, असं ऐकून होते.
हातात म्हाताऱ्यांचा पास,
साडेनऊच्या आधी न चालणारा.
सुटायच्या वेळेपर्यंत दार बंद ठेवलं
तर कुणी मला विचारणार नव्हतं.
खोटं कशाला सांगू,
नऊ बावीसपर्यंत मी ते बंद ठेवलं.

मग बटण दाबलं.
"आत बसा. साडेनऊला पास लावा."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या नावाच्या बिल्ल्याकडे,
जणू तिथं काही वेगळं लिहिलेलं असेल.
खालच्या मजल्यावर, हीटरजवळ बसल्या.

माफी वगैरे नव्हती ती.
हीटर सगळ्यांसाठीच असतो.

साडेनऊला त्या उठल्या, पास लावला,
मशीन टिंग वाजलं.
मी आरशात पाहिलं,
इंडिकेटर दिला.