बाकी सात वाव

वही माझ्याकडे होती.
दोनशे पानी, बचत गटाची,
पुढून मासळीचे हिशेब,
उलटी धरली की डोंगराचा.

शेवंती पालशेतकर, वय एक्केचाळीस, राहणार वेलदूर,
म्हातारीचा दात चढणार.
उंची तीनशे बारा फूट.
फुटामागे ज्याला जे परवडेल ते.

बर्फवाल्या मुकादमांनी चार आणे लिहिले
आणि मलाच विचारले, चार आणे अजून चालतात का?
वकीलबाईंनी दहा रुपये.
लाँचवरच्या तिकीटवाल्याने एक,
बायकोला कळता कामा नये या अटीवर.
सरपंच म्हणाले, माथ्यावर पोचली तर एकरकमी पाच हजार,
नाही पोचली तर नारळ.

पैसे तिघींसाठी.
नाझनीन होडेकर, अकरावी सायन्स, खाडीपलीकडे.
करुणा जाक्कर, नर्सिंग.
आणि रेवा, शेवंतीच्या दिराची,
दहावीनंतर दोन वर्षे बर्फातली कोळंबी सोलतेय,
बोटांना भेगा आहेत,
मीठ लागले तरी आता तोंड वाकडे करत नाही.

शिकवायला चिपळूणचा निषाद आला.
आठाची गाठ दाखवू लागला, सावकाश, पोरांना दाखवतात तशी.
शेवंतीने त्याच्या हातातला दोर काढून घेतला,
न बघता एक मारली, तिच्यावर दुसरी.
"ही तर होडी बांधायची.
तुमच्यात हिचा क्लास असतो?"

बूट मात्र जमेनात.
तीस वर्षे पाटीखाली अनवाणी पसरलेले पाय,
बायकांच्या कुठल्याच नंबरात मावेनात.
शेवटी भावाचे घातले, पुढे कापूस कोंबून.
आणि फूट तिला कळेनात.
"वाव सांगा," म्हणाली.
दोन हात फाकवले की एक वाव,
शिसे सोडून खाडीचा तळ मोजतात तसे.
बावन्न वाव.
मी वहीत दुसरा रकाना आखला.

खाली आम्ही अकरा बायका, एक दुर्बीण,
तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी.
ती कातळावर खेकड्यासारखी तिरकी सरकत गेली,
काष्ट्यावरून आवळलेला पट्टा, डोक्यावर पिवळे टोपले.
बत्तीस. चाळीस.
पंचेचाळीसला थांबली.

वरच्या कपारीत आग्या मोहोळ,
काळे, हलते,
दुर्बिणीतून नुसती ओली सावली वाटावी असे.
निषादने हात केला.
तिने बराच वेळ काही केले नाही,
कातळाला गाल लावून उभी,
बंद दारामागचे बोलणे ऐकावे तशी.
मग पाय खाली सोडला.

सरपंचांनी नारळ खरोखरच पाठवला.
खोबरे गोड निघाले.

संध्याकाळी लिलाव आटोपल्यावर वही मांडली.
दोनशे सत्तर फूट, मी वाचले.
"म्हणजे साडेसदुसष्ट," मुकादमांनी पाकीट काढले.
तेवढ्यात चंद्राक्का, हातावरचा खवला खरवडत,
"होडी गेली तेवढीच परत येते ना?
डिझेल काय एकाच बाजूचे भरता?"

कोणी हसले. कोणी घड्याळ बघितले.
वकीलबाईंनी मुकाट्याने दुप्पट मोजले.
मुकादमांनी एकशे पस्तीस, वर बर्फाची एक लादी,
तिचे काय करायचे ते आम्हाला कळेना.
तिकीटवाला म्हणाला, चढणीचेच देतो,
उतरताना मी बघत नव्हतो.

दोघींचे भागले. रेवाचे अर्धे.

हे तिला सांगायला मी शेडमध्ये गेले.
ऐकताना तिचे हात थांबले नाहीत.
डोके, साल, धागा. डोके, साल, धागा.
"सात वाव राहिले," ती म्हणाली,
"म्हणजे बेचाळीस. जाऊन येऊन चौऱ्याऐंशी."
मला कागद लागला असता.

मग टोपलीत बघतच,
"काकी, आग्या मोहोळ कधी उठते गं?"

मला माहीत नव्हते.
वहीत, डोंगराच्या बाजूला, खाली लिहून ठेवले:
मोहोळ. विचारणे.