पांढऱ्याच्या सोळा छटा

दात कोरून पोट भरत नाही, म्हणतात.
माझं भरतं.
सोमवार ते शुक्रवार, लिएपायात,
ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळच्या तळघरात
मी दात कोरतो.
प्लास्टरचे जबडे, नावाऐवजी नंबर,
तोंड कुणाचंच नाही.
पांढऱ्याच्या सोळा छटा मला झोपेतून उठवून विचारा:
चहावाल्याचा पांढरा, सिगरेटवाल्याचा,
आणि तो एक खोटा,
नवरदेवांना हवा असतो तसला.

शनिवारी मात्र मी फोटोग्राफर.
म्हणजे अंगात दोन स्वेटर, बगलेत थर्मास,
बॅटऱ्या आतल्या खिशात, पिल्लांसारख्या उबवत,
आणि जुनी बॅग, जिची चेन नेहमी एकाच जागी अडते.

लेन्सच्या बाबतीत घरात तह झालाय.
ती दोनशे मिलिमीटरची पांढरी तोफ
अकरा महिने मी दुकानाच्या काचेतून पाहिली.
वेल्गा म्हणाली, घे ना,
छप्पर गळतंय त्याचा छान फोटो येईल.
मग पन्नासची घेतली, वापरलेली,
घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आल्विल्सच्या बायकोकडून,
तो गेल्यावर.
आत कडेला बुरशीचा एक धागा,
पापणीचा केस अडकावा तसा.
"ते म्हणायचे, त्यानं उजेड मऊ होतो."
मी किंमत पाडली नाही.

पन्नास म्हणजे काय, झूम पायांनी करायचं.
जवळ जायचं.
मला जमत नाही नेमकं तेच.

बस कारोस्ताला जाते, वळणाऱ्या लोखंडी पुलावरून.
झारच्या काळातले किल्ले तिथं
समुद्रात तोंडावर पडलेत.
आठ वर्षं तोच बंधारा, तीच लाट,
अ‍ॅपर्चर आठ, अकरा, सोळा.
हार्ड डिस्कवर चौदा हजार लाटा आहेत,
एकीलाही चेहरा नाही.

त्या शनिवारी उणे नऊ.
हंस आला, बर्फाच्या अगदी काठाशी,
मान उचलली,
आणि बॅटरी गेली.
दुसरी काढून बसवेपर्यंत हंसही.
दात आहेत तर चणे नाहीत:
ही म्हण पहिल्यांदा उच्चारणारा
नक्की कॅमेरावाला असणार.

मासे धुरी देऊन विकणारी कापितोलिना
टपरीतून सगळं बघत होती.
"ए कॅमेरा! पाखरं जाऊ देत. माझा काढ.
थडग्यावर लावायला.
आमच्या ह्यांचा पासपोर्टातला लावला,
चोरासारखा दिसतो बिचारा."

थांब, म्हणाली. एप्रन काढला.
रुमाल बांधला, सोडला, पुन्हा बांधला.
खिशातून एक डबी काढली,
माझ्याकडे पाठ करून काहीतरी केलं,
वळली
आणि हसली.

मी फोकसची रिंग फिरवत होतो.
वरचा डावा सुळा किंचित आत वळलेला.
असा कुणी बसवत नाही. मी बसवतो.
सगळं सरळ असलं की कवळी ओरडून सांगते, मी कवळी.
छटा जरा पिवळसर, मुळाशी चहा.
नंबर चारशे बारा. गेला फेब्रुवारी.
त्या सुळ्यावर तासभर जास्त बसलो होतो,
कशासाठी, कुणी विचारलं असतं तर
सांगता आलं नसतं.

"हे रोज नाही लावत," ती म्हणाली,
"खायला बोचतात. हे दाखवायचे."

मी एक पाऊल पुढे गेलो. मग अजून एक.
काचेतला धागा तिच्या कानाजवळ उजळला.
सांगावं का?
थंडीनं जड झालेलं शटर एकदाच वाजलं.

"दात नीट आले?"
"आले."

वर्तमानपत्रात दोन मासे गुंडाळून दिले तिनं,
पैसे घेतले नाहीत.
बॅगेला अजून वास आहे,
वेल्गा खिडकी उघडते.

फोटो चिनीमातीच्या चकतीवर छापायला दिलाय.
तिथला पोरगा पडद्याकडे बघत म्हणाला,
दात थोडे पांढरे करू? सगळेच करून घेतात.

हात लावू नकोस, म्हटलं.