लोहाचे थेंब

डुलुथमध्ये पहाटेचे तीन.
बर्फ लोटणारा ट्रक गल्लीतून जातो,
पिवळा दिवा छतावरून फिरतो.
स्वरदा सायकल मारतेय,
अर्धवट झोपेत, पाळण्याच्या गजांवर धाड धाड.

डॉक्टर म्हणाली, रक्तात लोह कमी.
थेंबांनी लाळेरं तपकिरी झालंय,
डाग निघत नाहीत.
तिनं विचारलं, घरात आणखी कुणाला?

नाही म्हणाले.
गाडीत बसल्यावर बाबा आठवले:
पोटऱ्यांना पंचा आवळून
रात्रभर गॅलरीत येरझाऱ्या.
आई म्हणायची, पायाला भिंगरी आहे यांच्या.
आम्ही हसायचो.

इवल्या पोटऱ्या तळव्यांत धरून
दाबत बसते.
एक पाय थांबतो.
दुसऱ्याचं अजून ठरत नाहीये.
खाली, थंड फरशीवर,
माझाही.