भंगाराच्या भावानं

पावती अजून डब्यात आहे, शाई उडालेली.
उद्यमबागेतल्या फाउंड्रीची.
वर नाव कन्नडमध्ये, मष्णप्पा;
खाली सही मराठीत, म. भ. हलगेकर.
माल: खलबत्ता, एक नग, नापास.
वजन: चार किलो दोनशे.
दर: भंगाराचा.

मालक म्हणाला होता, अरे ने की तसाच.
अप्पांनी पैसे मोजले,
पावती मागून घेतली,
कॅरिअरला जुन्या ट्यूबनं खलबत्ता आवळला
आणि तिसऱ्या गेटापाशी
मालगाडी जाईस्तोवर एक पाय टेकून उभे राहिले.
हे सगळं आई सांगते,
जशी काही ती तिथं होती.

साचे मोजायचे ते कन्नडमध्ये,
वंदु, यरडु, मूरु, नाल्कु,
कारण हातात काम दिलं ईराप्पा मिस्त्रीनं.
आमच्या फिया मोजायचे मराठीत.
झोपेत बडबडले तर आई कान द्यायची;
फाउंड्रीत आहेत की घरात,
आकड्यांवरून कळायचं.

आठवड्यातून दोनदा कपोला पेटायचा.
त्या रात्री भुवया करपलेल्या,
अंगाला जळक्या वाळूचा वास,
उंबऱ्याबाहेरूनच म्हणायचे,
"लांब सरा बघू, आंघोळ होऊ दे."
दोन बादल्या. मग आणखी अर्धी.
नखांतली काळी रेघ तेवढी जायची नाही.
पाढे तपासताना ते बोट ओळीखालून सरकायचं
आणि चुकलेल्या जागी थांबायचं.
ओरडणं नाही, काही नाही.
बोट थांबायचं.

आणि सदऱ्याच्या खिशात कागदाची पुडी,
पुडीत लिंबाएवढा गुळाचा खडा.
खलबत्त्यात एकच ठोका घालायचे.
सगळ्यांत बारका तुकडा परशाला,
कारण तो थोरला.
कागदाला चिकटलेलं आईला.
मला कित्येक वर्षं वाटायचं,
फाउंड्रीत गूळ तयार होतो.

पुण्याच्या कॉलेजात
"मी येतो" म्हटल्यावर पोरी हसल्या,
मुलगी असून येतो काय म्हणतेस!
घरी फोनवर सांगितलं.
अप्पा बराच वेळ गप्प,
मागं कुकरची शिट्टी झाली.
मग म्हणाले, "येतो म्हण नाहीतर येते म्हण,
सुट्टीला ये म्हंजे झालं."

छातीचा फोटो उजेडावर धरून
डॉक्टर कन्नडमध्ये म्हणाले, धूळु.
आम्ही मराठीत ऐकलं, धूळ.
दुभाष्या लागला नाही.
पुढचं मात्र त्यांनी मोडक्या मराठीत विचारलं,
"कंपनीत गूळ देत नव्हते काय?
छातीसाठी देतात तो?"
अप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही.
"द्यायचे की," म्हणाले,
"रोज द्यायचे."

आता उशीचा अभ्रा पंधरा पंधरा दिवस पांढरा राहतो.
आई तरी रविवारी धुतेच.
दोरीवर टाकते,
उलटून बघते,
परत सुलटा करते.

परशानं मिक्सर आणून दिलाय. तो फळीवर असतो.
आज चटणी कुटायला तिनं खलबत्ताच ओढला,
मी मिरच्यांची देठं काढत बसलो.
(इथं घरात मी बसलोच म्हणतो.)
खलबत्त्याच्या तळाला, डाव्या अंगाला
वाटाण्याएवढं एक भोक आहे.
रस ओतताना साच्यात हवा अडकली की पडतं तसलं.
त्यापायीच तो नापास.
दर खेपेला त्यात जिरं जाऊन बसतं.
आईनं केसातला आकडा काढला,
टोकरून टोकरून एक एक दाणा वर आणला
आणि म्हणाली, "हितं तेवढं वारं ऱ्हायलं बघ."
वाक्य अप्पांचं आहे. चूक दाखवताना
असंच म्हणायचे, बोट तिथं ठेवून.

मग ते जिरं तिनं टाकून दिलं नाही,
तोंडात टाकलं,
आणि बत्ता माझ्या हातात दिला.