पाणी धरून

बरकाच्या प्लांटवर मी एकोणीस वर्षं
समुद्राचं मीठ काढतोय.
दाब बघायचा, पंपाचा आवाज ऐकायचा,
वहीत आकडा टाकायचा.
मस्कतच्या कितीतरी नळांत
माझ्या रात्रपाळ्या वाहतात.

आता शमसा नावाची मुलगी
मला मोजून तीन पेले पाजते,
"अर्धा तास धरून ठेवा, अंकल."
पिशवी भरलेली असली की आतडी बाजूला राहतात,
किरण त्यांना फारसे भाजत नाहीत.
हे मला लगेच समजलं. दाबाचंच गणित आहे.

कमरेला दोन्हीकडे एकेक आणि पुढे एक
असे निळे ठिपके तिनेच टोचले,
यंत्राला रोज तीच जागा सापडावी म्हणून.
आईच्या हनुवटीवर असेच तीन होते.
मेल्यावर तेवढंच बरोबर येतं, म्हणायची.
शमसाला हे सांगितलं नाही.
इथे कुणी विचारत नाही.

डॉक्टर मुतसिम सुदानचे.
त्यांनी कागदावर चित्र काढून
मलाच सांगितलं, मला एकट्याला:
गाठ कुठे आहे, फेऱ्या अडतीस,
आणि दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन,
अंगातला पुरुष झोपवायला.
"काही प्रश्न?"
होते. इंग्रजीत नव्हते.

अण्णाला मिरजेत कुणी सांगितलंच नाही.
डॉक्टर मुलाशी बोलले, मुलगा जावयाशी,
जावई व्हरांड्यात जाऊन फोनवर कुणाशी तरी.
शेवटी वॉचमन म्हणाला,
"पाटील, तुमचं बी तेच का? आमच्या सासऱ्याचं झालं.
हिंडतोय की आता."

जमिनीच्या वाटणीनंतर अण्णा आणि मी
फक्त दिवाळीला बोलायचो.
आता रोज संध्याकाळी.

"किती पाजत्यात रं तिथं?"
"तीन पेले."
"हितं एक बाटली. आन् मशीन बंद पडलं
की चाळीस जण पोटं आवळून बाकड्यावर.
काल एकाचं सुटलंच. कुणी हसलं न्हाई.
त्येच्या बायकूनं फरशी पुसली,
हात धुतलं, आन् सगळ्यास्नी भडंग वाटला."

इथे यंत्र बंद पडत नाही.
गाऊन इस्त्रीचा, पडदा पूर्ण ओढलेला,
दहा चाळीस म्हणजे दहा चाळीस.
सव्वीस दिवसांत मला
दुसऱ्या एकाही माणसाचा आजार कळलेला नाही.

इंजेक्शननंतर अंगातून वाफा निघतात,
तेही ऑगस्टात. बसथांब्यावर सगळेच भिजलेले,
कुणाला काय कळणार!
त्रिशलाला फोनवर सांगितलं.
ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली,
"मला दहा वर्षांमागं असंच व्हायचं.
तुम्ही तिकडं होता."

टेबलावर झोपलो की छतात एक हिरवी रेघ दिसते.
आई दुहेरी फडक्यातून पाणी गाळायची,
फडक्यावर राहिलेले जीव
परत विहिरीत सोडून यायची.
आम्हीही उरलेलं खारट समुद्राला परत देतो.
या गाळण्यात माझं काय उरतं आणि कुठे सोडतात,
विचारायचं राहून जातं.

विम्याची मर्यादा वेगळ्या खिडकीवर कळली.
फेऱ्या बसतात, पुढची इंजेक्शनं नाहीत.
अण्णा म्हणतो, "ये हिकडं. बाकड्यावर जागा धरतो."
म्हणतो तेव्हा हसतो, आणि मला वाटतं
हा माणूस माझ्यापेक्षा कमी एकटा आहे,
आणि त्याला माझ्यापेक्षा कमी माहिती आहे,
आणि यातलं काय बरं, ते मला ठरवता येत नाही.

अडतिसाव्या दिवशी शमसाने हात देऊन उठवलं
आणि पहिल्यांदाच विचारलं,
"घरी कोण कोण असतं, अंकल?"
माझ्या पोटात तीन पेले काठोकाठ.
"आलोच," म्हणालो, आणि पळालो.

परत आलो,
तर पुढच्याचा पडदा ओढलेला होता.